ॲडमिशन घेण्याआधी वॉर्ड दाखवा म्हणा

परवा रात्री निफाडहून भावाचा फोन आला. पोरगी बारावी झाली, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, मार्क बऱ्यापैकी आलेत आणि आता कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीला, कॉलेजांची नावं भरायचीत. यादीत चार-पाच आपल्या भागातली कॉलेजं आणि एक लांबचं, नन लोकांनी चालवलेलं. तर भाऊ म्हणतो, "ताई, बाकी सगळं ठीक आहे पण ते मिशनवाल्यांचं आहे ना, आई काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील, पोरीला तिकडंच ओढून घेतलं तर? तू तर तसल्याच ठिकाणी शिकली, तूच सांग."

फोनवर मी त्याला सांगायला गेले पण तेवढ्यात त्याच्याकडची लाईट गेली, मोटारीचं काहीतरी निघालं आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथं सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही, दरवर्षी या दिवसात मला पाच-सहा घरातून हाच फोन येतो आणि सगळे एकच विचारतात की कॉलेज कोणाचं आहे. पोरगी ज्या वॉर्डात शिकणार आहे त्यात पेशंट किती आहेत हे आजपर्यंत एकाही बापाने विचारलेलं नाही.

मी 1988 ला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, गेले. मिशनचं हॉस्पिटल, त्याच कंपाउंडात नर्सिंग स्कूल, त्याच्या मागे होस्टेल आणि होस्टेलच्या मागे नन लोकांचं राहायचं कॉन्व्हेंट. आमच्या घरात माळकरी आजोबा, त्यामुळे तेव्हाही हीच चर्चा झाली होती. तीन वर्षांत मला कोणीही धर्म बदल म्हणून सांगितलं नाही. सकाळी प्रार्थना असायची, आम्ही उभ्या राहायचो, ज्यांना म्हणायची त्या म्हणायच्या. एकादशीला मेसमध्ये उपास करणाऱ्या आम्ही चौघीजणी होतो, आमच्यासाठी शेंगदाण्याचं कूट वेगळं ठेवलेलं असायचं आणि ते ठेवायला सांगणारी एक केरळी नन होती जिला साबुदाण्याला काय म्हणतात ते पण नीट माहीत नव्हतं. माझा अनुभव म्हणजे सगळीकडचा अनुभव असं मी म्हणत नाही. पण ज्यांना एवढीच भीती आहे त्यांनी तिथल्या शिकणाऱ्या पोरींना गेटवर थांबून विचारावं, पाहुण्यांना विचारून काही कळत नाही. आणि आपण नाशिकचे लोक, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला रिक्षा भरभरून जाणारे, नवस बोलणारे, आपल्याला या लोकांची एवढी अनोळख वाटायचं कारण नाही. शरणपूरला तर दीडशेहून जास्त वर्षं मिशन आहे. (ते प्रोटेस्टंट आणि नाशिकरोडचे कॅथलिक, हा फरक आपल्याकडे कोणी करत नाही, सगळ्यांना सरसकट मिशन म्हणतात. वेल्लोरचं पण तसंच, ते कॅथलिक नाही, तरी लोक तसंच समजतात.)

आता बघा, आपण हॉस्पिटलमध्ये गेलो की "सिस्टर, सलाईन संपलं" असं म्हणतो. दिंडोरीची मराठा पोरगी असो, मालेगावची मुसलमान पोरगी असो, सुरगाण्याची कोकणा पोरगी असो, सगळ्या सिस्टर. पुरुष असला तर ब्रदर. हा शब्द युरोपातल्या धर्मसंघांकडून आला, कारण तिकडे शेकडो वर्षं आजाऱ्याच्या खाटेशी बसणारी बाई म्हणजे सिस्टरच असायची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 ला क्रिमियाच्या युद्धात 38 बायका घेऊन गेली त्यातल्या 10 कॅथलिक नन होत्या. म्हणजे शब्द आपण घेतला, रोज दहा वेळा तोंडात येतो, पण त्या शब्दामागे शिकवायची जी पद्धत होती ती मात्र आपण घेतली नाही आणि माझं सगळं म्हणणं त्या पद्धतीबद्दल आहे.

ती पद्धत मी कशी बघितली ते सांगते.

पहिलं वर्ष, मेडिकल वॉर्ड, बायकांचा. सकाळी साडेसहाला बॅक केअर. एका पेशंटला अर्धांग झालेला, साठीच्या बाई, अंगाने जड, सहा दिवसांपासून एकाच कुशीवर. मी आणि माझ्या बॅचची एक जण, आम्ही दोघींनी पाठ पुसली, स्पिरिट लावलं, पावडर लावली, चादर ओढून ताण दिला, कोपरे घडी करून गादीखाली खोचले आणि चार्टवर "बॅक केअर गिव्हन" लिहिलं. ट्यूटर सिस्टर, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या नन, आल्या. त्यांनी चार्ट बघितला नाही. त्या बाईच्या पायाशी गेल्या, चादर वर केली, टाच हातात घेतली आणि अंगठ्याने दाबली. टाचेवर एक रुपयाएवढा लालसर डाग होता, दाबला तरी पांढरा पडत नव्हता, म्हणजे बेडसोरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा त्या डागावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाब. परत दाब. आता दुसरी टाच दाब. फरक कळला?" कळला. दुसरी टाच दाबली की पांढरी पडून परत लाल होत होती, ही तशीच लालच राहत होती, आणि थोडी गरम पण लागत होती. मग त्यांनी ग्लोव्हज असतात ना, त्यात पाणी भरून गाठ मारली आणि ती पाण्याची पिशवी टाचेखाली नीट बसवून दाखवली. पाठ आम्ही पुसली होती, टाचेकडे कोणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून पस्तीस वर्षं झाली, आजही मी कुठल्याही पेशंटकडे गेले की आधी पायाकडून चादर वर करते.

आणि त्याच रात्री, म्हणजे दोन-अडीचच्या सुमारास, त्याच सिस्टर हातात टॉर्च घेऊन राउंडला आल्या. दिवसभर शिकवलेलं होतं, पहाटे त्यांची प्रार्थना असणार होती, तरी आल्या. टाच बघितली, पिशवी सरकली होती ती नीट केली, मला काही न बोलता पुढच्या बेडला गेल्या.

यात धर्म किती आणि शिस्त किती याचा हिशोब मला जमणार नाही. त्या बाईंसाठी तरी ते वेगळं नव्हतं. पण शिक्षण म्हणून बघितलं तर त्यात तीनच गोष्टी होत्या, वॉर्ड भरलेला होता, शिकवणारी बाई स्वतः पेशंटला हात लावत होती आणि हॉस्पिटल अन् शाळा एकाच भिंतीत होती, त्यामुळे दुपारी वर्गात जो बेडसोर शिकवला तो संध्याकाळी वॉर्डात बघायला मिळायचा.

ही गोष्ट फक्त आमच्या छोट्या मिशन हॉस्पिटलची नव्हती. बंगलोरचं सेंट जॉन्स घ्या, भारतातल्या कॅथलिक बिशप लोकांच्या कॉन्फरन्सचं. मेडिकल कॉलेज 1963 चं, हॉस्पिटल 1975 ला सुरू झालं आणि नर्सिंगची शाळा त्यानंतर, 1980 ला. आधी पेशंट आले, मग शिकणाऱ्या पोरी आल्या, हा क्रम बघा. आता ते नावाने "ॲकॅडमी" आहे, कामाने विद्यापीठाच्या तोडीचं आहे, पण डिग्री मात्र कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची मिळते. आपल्याकडे पण तसंच, कॉलेज कोणाचंही असो, मिशनचं असो, साखर कारखानदाराचं असो, बीएस्सी नर्सिंगची डिग्री साधारण म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाचीच. ते 1998 ला सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक बीएस्सी नर्सेसचे पेपर नाशिकमधून निघतात, हे नाशिकच्या लोकांना पण नीट माहीत नसतं.

परदेशात खरीखुरी कॅथलिक विद्यापीठं आहेत आणि तिथं नर्सिंग शिकवलं जातं. मनिलाचं सांतो तोमास 1611 चं आहे, तिथं नर्सिंग कॉलेज 1946 पासून. ऑस्ट्रेलियाचं ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी 1991 ला झालं आणि त्या देशाला नर्सेस देणाऱ्या मोठ्या विद्यापीठांपैकी ते एक आहे. ऑस्ट्रेलियात नियम असा आहे की तीन वर्षांच्या डिग्रीत निदान 800 तास प्रत्यक्ष पेशंटसोबत काढले पाहिजेत आणि पुतळ्यावर केलेली प्रॅक्टिस त्यात धरायची नाही. 800 म्हणजे फार नाही. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात कागदावर त्याच्या कितीतरी जास्त तास आहेत. मग आपल्या पोरी तिकडे गेल्या की त्यांना परत सुरुवातीपासून का दाखवून द्यावं लागतं? कारण त्यांचे 800 तास झालेले असतात आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींचे फक्त लिहिलेले असतात.

इथं मला कौन्सिलचे नियम सांगायला पाहिजेत, कारण आईबापांना ते कोणी सांगत नाही. बीएस्सी नर्सिंगला थिअरीची हजेरी 80 टक्के लागते पण प्रॅक्टिकलची, म्हणजे वॉर्डातली, 100 टक्के पूर्ण झाल्याशिवाय डिग्री द्यायची नाही असं लिहिलेलं आहे. आजारी पडली तर ते दिवस नंतर भरून द्यायचे. कॉलेजला स्वतःचं 100 बेडचं पॅरेंट हॉस्पिटल पाहिजे, त्यात 75 टक्के बेड भरलेले पाहिजेत. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक. आता साधं गणित करा, साठ पोरी एकाच वेळी पोस्टिंगला आल्या तर एकशे ऐंशी पेशंट पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात फिरून बघा असे एकशे ऐंशी भरलेले बेड किती ठिकाणी आहेत. मग काय होतं, सगळ्यांची गाडी सिव्हिलला येते. त्र्यंबक रोडला सकाळी आठला बघा कधी, वेगवेगळ्या रंगाचे युनिफॉर्म, तीन-चार कॉलेजच्या पोरी एका वॉर्डात, एका बेडभोवती पंधराजणी, मागच्यांना पेशंटचं तोंडसुद्धा दिसत नाही. सिव्हिलच्या इन्चार्ज सिस्टर स्वतःचं काम बघतील का या पन्नास पोरींना शिकवतील? त्या बिचाऱ्या म्हणतात भिंतीला लागून उभ्या राहा आणि मधे येऊ नका. दुपारी एक वाजता गाडी परत जाते आणि लॉगबुकमध्ये सही होते.

मी ज्या खासगी हॉस्पिटलमध्ये शेवटची नोकरी केली तिथं एक नवीन मुलगी आली, बीएस्सी फर्स्ट क्लास, इंग्रजी फाडफाड, स्वभावाने पण गोड. तिसऱ्या रात्री आयसीयूबाहेरच्या वॉर्डात एका आजोबांना लघवीची नळी घालायची होती. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि गेले. ती ट्रॉली लावत होती, लावत होती, वीस मिनिटं झाली तरी ट्रॉलीच लावत होती. मी गेले तर लिनन रूममध्ये भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला म्हणाली, "मॅडम, माझ्या बुकात दहा कॅथेटरच्या सह्या आहेत. मी एक पण केलेलं नाही. पुतळ्यावर एकदा केलं होतं, ते पण बाईच्या." मी तिला ओरडले नाही. हात धुवायला लावले आणि सोबत उभी राहिले, दोन वेळा चुकलं, तिसऱ्या वेळी जमलं, आजोबा हुशार होते, त्यांना सगळं कळत होतं, तरी गप्प पडून राहिले. त्या रात्री मला त्या पोरीचा नाही, त्या दहा सह्या करणाऱ्यांचा राग आला. चार वर्षं, लाखो रुपये फी, बापाने द्राक्षाच्या पैशातून भरलेली, आणि शेवटी ती पोरगी एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर पहिल्यांदा शिकली. आजही आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नर्सिंग कॉलेज काढायचा अधिकार आधी हॉस्पिटल नीट चालवणाऱ्यालाच पाहिजे आणि कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येक बाईने आठवड्यातले काही दिवस वॉर्डात ड्युटी केलीच पाहिजे. कॅथलिक संस्थांकडून उचलण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. ती उचलायला क्रॉस लावावा लागत नाही, भरलेला वॉर्ड मात्र लागतो.

आणि सेवा फक्त त्यांनीच आणली असंही कोणी समजू नये. सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगमध्ये पेशंट उचलून आणता आणता स्वतः गेल्या, 10 मार्चला. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना, त्यात विधवा बायकांना, नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा चांगल्या घरच्या बाईने परक्या माणसाचं अंग पुसायचं का म्हणून केवढं बोलणं ऐकावं लागलं. आपल्या जातीपातीत अंगाला हात लावणं, रक्त-लघवी साफ करणं हे हलकं काम मानलं गेलं आणि म्हणून हे काम अनेक वर्षं ख्रिश्चन पोरींनीच केलं, आपल्या आधीच्या पिढीतल्या मोठ्या हॉस्पिटलात मल्याळी नर्स दिसायच्या त्याचं एक कारण हेच. आपण काम दुसऱ्यावर ढकललं, मग शिकवायची परंपरा आपल्याकडे तयार होणार कशी.

आता दुसरी बाजू. मी त्यांच्याकडे शिकले म्हणून त्यांचं सगळं बरोबर असं म्हणणार नाही, दोन गोष्टींवर त्यांना विचारायलाच पाहिजे आणि मी माझ्या ट्यूटरना पण हे विचारलं असतं.

पहिली गोष्ट कुटुंब नियोजनाची. कॅथलिक हॉस्पिटलात गर्भपात होत नाही, नसबंदी होत नाही, त्यांच्या चर्चची शिकवण तशी आहे आणि त्यांच्या हॉस्पिटलात काय करायचं ते ठरवायचा त्यांना हक्क आहे. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिलाय तो पण मला मान्य. पण शिकणारी पोरगी उद्या पेठ-सुरगाण्याच्या पीएचसीला, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला, लागणार आहे. तिथं तिला बाळंतिणीला तांबी समजावून सांगायचीय, बसवायचीय, अंतरा इंजेक्शन द्यायचंय, छाया गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचंय. 1971 च्या गर्भपात कायद्यात 2021 ला बदल झाला, काही बायकांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली, हे तिला तोंडपाठ पाहिजे, कारण सोळा वर्षांची पोरगी आईचा पदर धरून समोर उभी राहील तेव्हा सिस्टरला माहीत नाही म्हणून ती परत गेली तर ती कुठे जाईल हे आपल्याला माहीत आहे. आमच्या वेळी हा भाग आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवून शिकवला, महिनाभराची पोस्टिंग होती, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. स्वतःच्या हॉस्पिटलात करू नका पण पोरीच्या शिक्षणात ती जागा रिकामी सोडू नका. जे कॉलेज हा धडा घाईत उरकतं, मग ते कोणत्याही धर्माचं असो, ते पोरीचंही नुकसान करतं आणि पेशंटचंही.

आणि चर्च बदलत नाही असंही नाही. याची गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. पूर्वी नन लोकांना बाळंतपण करायला, डॉक्टरकी करायला चर्चच्या नियमाने मनाई होती. मेरी ग्लोरी नावाची ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 ला आंध्रात गुंटूरला आली, नन झाली, तर तिला पेशंट बघायला पोपची खास परवानगी लागली. तिनेच पुढे 1943 ला कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशन सुरू केली. त्याच 1920 ला ॲना डेंगेल ही ऑस्ट्रियाची डॉक्टर रावळपिंडीला आली. तिथं पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या, बाळंतपणात मरत होत्या, आणि ज्या नन मदत करू शकल्या असत्या त्यांना नियमाने बांधलेलं होतं. तिने 1925 ला मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ काढला, सतत पाठपुरावा केला आणि शेवटी 1936 च्या फेब्रुवारीत रोमने ती मनाई उठवली. पुढे पाटणा, दिल्ली इथली होली फॅमिली हॉस्पिटलं याच सिस्टर लोकांनी उभी केली. खाटेवर मरणारी बाई बघून नियम बदलला गेला. मग आज पीएचसीच्या दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघून निदान शिकवण्यात तरी काही सोडू नये, एवढी अपेक्षा मी त्यांच्याच इतिहासावरून करते.

दुसरी गोष्ट पगार. सेवा या शब्दाखाली नर्सेसना फार पिळलंय, मिशनवाल्यांनी पण आणि बाकीच्यांनी तर त्याहून जास्त. ननने गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, तिला संघ सांभाळतो, म्हातारपणी खोली असते, जेवण असतं. स्टाफ नर्सने असलं व्रत घेतलेलं नाही, तिला पंचवटीत भाडं भरायचंय, पोराची फी भरायचीय. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2016 मध्ये खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या पगाराचा विषय घेतला, सरकारने कमिटी नेमली, कमिटीने सांगितलं की 50 पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातसुद्धा निदान 20,000 रुपये द्या आणि 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्या. नाशिकमध्ये कुठल्याही छोट्या हॉस्पिटलातल्या पोरीला विचारा, तिच्या हातात किती येतात. केरळात नर्सेस 2011-12 ला आणि परत 2017 ला रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यात चर्चच्या हॉस्पिटलातल्या पण होत्या, आणि 2018 ला तिथल्या सरकारला 20,000 चं किमान वेतन काढावं लागलं. आपल्याकडे तशी संघटना नाही म्हणून कोणी बोलत नाही, पोरी गुपचूप जर्मन भाषेचा क्लास लावतात आणि निघून जातात. जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? सर्टिफिकेट अडकवून ठेवणारं, बॉण्डवर सही घेणारं हॉस्पिटल रात्री दोन वाजता टाच बघणारी नर्स तयार करू शकत नाही, कारण त्या पोरीचं मन तिथं नसतं.

आमच्या ट्यूटर सिस्टरकडे बघून एक चुकीचा अर्थ आम्ही पण काढला होता की चांगली नर्स म्हणजे काही न मागणारी नर्स. तो अर्थ चुकीचा आहे हे कळायला मला पंधरा वर्षं लागली आणि पुसायला आणखी दहा. माझ्या हाताखालच्या पोरींना मी सुट्टी मागू दिली नाही, डबल ड्युटीला नाही म्हणू दिलं नाही, आणि ते चुकलं. ते कुणावर ढकलायचं नाही, ते माझंच चुकलं.

विद्यापीठ म्हसरूळला आहे, निमाणीवरून वीस मिनिटं लागतात, म्हणून त्यांनाही सांगावंसं वाटतं. तपासणीची कमिटी आधी तारीख कळवून जाते, आणि त्या दिवशी वॉर्ड भरलेला असतो, हे या लाईनमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजूबाजूच्या वस्तीतले लोक चेकअपच्या नावाखाली आणून झोपवतात, दुपारी जेवण देऊन परत पाठवतात, मी हे डोळ्याने बघितलंय. रात्री अकराला जा ना न सांगता. बेड मोजा, नाईटला किती विद्यार्थिनी आहेत आणि त्यांच्यासोबत ट्यूटर आहे का बघा, कुठल्याही एका पोरीला बोलवून समोरच्या पेशंटचं हँडओव्हर, म्हणजे त्याची सगळी माहिती, द्यायला सांगा. फाइली तपासायला जेवढे तास जातात त्याच्या पाव वेळात खरं काय ते कळेल. आणि प्रत्येक कॉलेजच्या हॉस्पिटलात महिन्याला सरासरी किती बेड भरलेले होते हा आकडा वेबसाइटवर टाका, कॅपच्या फॉर्मशेजारीच दिसू द्या. कटऑफ दिसतो, फी दिसते, मग हे का नको. 2023 ला जुन्या कौन्सिलच्या जागी नवीन नॅशनल कमिशन आणायचा कायदा झाला, नवीन नियम होतील म्हणतात, चांगलं आहे, पण 100 टक्के हजेरीचा नियम तर आजही आहेच. 2027 ला सिंहस्थ आहे, लाखो लोक येणार, तेव्हा सगळ्या कॉलेजच्या पोरींना कॅम्पवर उभं करतील, त्यातल्या किती जणींना सलाईन लावायला शीर सापडेल याचा विचार आत्ताच करायला पाहिजे.

भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन केला. म्हटलं, ते लांबचं ननवाल्यांचं पहिल्या नंबरवर टाक असं मी सांगत नाही, तू दोन्हीकडे जाऊन ये. दुपारी तीनला जा, ऑफिसात बसू नको, वॉर्ड बघायचा म्हण. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिर. आत सोडलं तर बेड मोज आणि भरलेले मोज. ट्यूटर कोण आहे विचार आणि ती वॉर्डात आहे का बघ. कुटुंब नियोजनाची पोस्टिंग कुठे करतात हे ननकडे विचार, लाजू नको, पोरीलाच विचारायला लाव. पास होऊन तिथंच लागलेल्या नर्सला पगार किती मिळतो ते पण विचार. आईला मी समजावते.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला, त्र्यंबक नाक्यावरून, मागे बसचे हॉर्न. आपल्या भागातलं पहिलं कॉलेज बघून आला होता. बोर्डवर शंभर बेड लिहिलेत म्हणाला.

"मग मोजलेस का?"

"मोजले ताई. बेचाळीस निघाले. त्यातले अकरा भरलेले. आणि एका बॅचला पोरी साठ."

ननवाल्यांच्या कॉलेजला तो शुक्रवारी पोरीला घेऊन जाणार आहे. आई पण बरोबर जाते म्हणतेय, तिला तो वॉर्ड बघायचाय.